हिंगोलीच्या मैदानात वर्षभराच्या रात्री

पूर्णा जंक्शनवर गाडी बदलून अकोल्याकडे निघाले की बसमतनंतर हिंगोली येते. फलाटावरच्या पाटीवर नाव आहे 'हिंगोली डेक्कन'. ही लाईन निजामाच्या काळातली. बरीच वर्षे या मार्गावर मीटरगेजची छोटी गाडी धावायची. २००८ साली रूळ रुंद झाले. गाडी मोठी झाली, वेगही वाढला, पण स्टेशनाबाहेर पडल्यावर भेटणारा गाव तसाच आहे. हळदीच्या पोत्यांनी भरलेले टेम्पो, चहाची टपरी आणि "चला नर्सी, नर्सी" म्हणून ओरडणारा ऑटोवाला.

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि हिंगोली जिल्हा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि बसमत असे पाच तालुके. कचेऱ्या आल्या, आमच्यासारखे कारकून बदलीवर आले. आल्या आल्या प्रत्येकजण एकच प्रश्न विचारतो. "इथं संध्याकाळी करायचं काय?" पुण्या-मुंबईच्या माणसाला वर्तमानपत्र उघडले की आज कुठे कोणते नाटक, कुठे लावणी, कुठे गाण्याचा कार्यक्रम, सगळे एका पानावर सापडते. आपल्याकडे असे पान नाही. म्हणून लोकांना वाटते, इथे काही होतच नाही.

वाचकहो, हे खरे नाही. इथले पान पंचांगात आणि बाजाराच्या दिवसांत लपलेले आहे. कोणत्या महिन्यात कुठे काय पाहायला मिळते, लेकराबाळांना घेऊन कुठे जावे आणि कुठे थोडा विचार करून जावे, हे या लेखात सांगायचे आहे. आणि शेवटी आपल्या घरचा एक हिशोबही मांडायचा आहे.

छावणीचे गाव

हिंगोली मुळात छावणीचे गाव. एकोणिसाव्या शतकात हैद्राबाद कंटिंजंट नावाची फौज इथे होती. इंग्रज अधिकारी आणि निजामाचा पैसा असा तो कारभार. १९०३ साली ही फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यात मिसळली गेली, पण नावे मागे राहिली. रिसाला बाजार, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. रिसाला म्हणजे घोडदळ. पेन्शनपुरा म्हणजे निवृत्त शिपायांची वस्ती. आज या नावांचा अर्थ विचारला तर शाळेतली पोरे हसतात. त्यांच्या लेखी रिसाला म्हणजे ऑटोचा थांबा.

छावणी आली की बाजार येतो आणि बाजार आला की करमणूक येते, ही जगभरची रीत. जिथे शिपायाच्या हातात पगार पडतो तिथे नाचणारी, गाणारी, खेळ करणारी माणसे पोट भरायला येतात. आपल्या बापजाद्यांपैकी कित्येकांचा लष्कराशी संबंध होता आणि ढोलकी-तुणतुण्याशीही होता. हे दोन्ही एकाच पोटासाठी होते, एवढे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

दसऱ्याचे मैदान

हिंगोलीचा सगळ्यात मोठा हंगाम दसऱ्याचा. दीडशे वर्षांहून अधिक काळ चालत आलेला हा सार्वजनिक दसरा महोत्सव खाकीबाबा मठाच्या परंपरेतून सुरू झाला असे सांगतात. नवरात्रात रामलीला मैदानावर उत्तरेकडून आलेली मंडळी रामलीला करतात आणि दसऱ्याच्या रात्री रावणाचा पुतळा जाळला जातो. शेजारीच प्रदर्शनी भरते. आकाशपाळणा, मौत का कुआँ, भांड्यांची दुकाने, पापडाएवढी मोठी जिलेबी. सेनगाव-कळमनुरीच्या खेड्यांतून माणसे ट्रॅक्टर भरून येतात.

श्रद्धा ज्याची त्याची. मी रामलीला पाहतो ती रंगमंचाचा खेळ म्हणून. एका कापडी पडद्यासमोर, चार दिव्यांच्या उजेडात, हिंदी बोलणारे नट मराठी खेड्यातल्या हजारो माणसांना चार-चार तास बसवून ठेवतात. हे कसे जमते? एक तर ते दरवर्षी येतात. दुसरे, ते वेळेवर सुरू करतात. तिसरे, बायका-पोरांसाठी पुढची जागा मोकळी असते. आपल्या कार्यक्रमांत या तीनपैकी किती गोष्टी असतात, ते वाचकांनी स्वतःशी मोजावे.

आणखी एक गोष्ट मी दरवर्षी पाहतो आणि मला ती फार मोठी वाटते. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा दिली तो दसऱ्याचाच दिवस, अशोक विजयादशमीचा. म्हणून दसऱ्याच्या आधी हिंगोली स्टेशनावर दोन गर्द्या एकमेकींना भेटतात. खेड्यातून रावण पाहायला आलेली गर्दी गाडीतून उतरत असते आणि पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे घातलेली आपली माणसे अकोल्यामार्गे नागपूरला जायला गाडीत चढत असतात. दोघांच्या हातात भाकरीची फडकी सारखीच. एकदा एक म्हातारी उतरणाऱ्या बाईला म्हणाली, "बाई, जागा धरून ठेव गं, माझं गाठोडं घे." त्या बाईने गाठोडे धरले, म्हातारीला हात देऊन वर चढवले, मग स्वतः उतरली. एकमेकींची जात कोणी विचारली नाही. मैदानावरच्या खेळापेक्षा फलाटावरचा हा प्रसंग मला जास्त आठवतो.

थंडीत नाटक, मार्गशीर्षात लावणी

दिवाळी झाली की नाटकाचा हंगाम. राज्य शासनाची हौशी मराठी नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालत आली आहे. प्राथमिक फेरी वेगवेगळ्या केंद्रांवर होते. हिंगोलीकरांना जवळची केंद्रे म्हणजे परभणी आणि नांदेड. रोज एक नवे नाटक, तिकीट अगदी नाममात्र. सिनेमाच्या एका तिकिटात सगळे घर नाटक पाहून येते. बालनाट्यांची स्पर्धाही वेगळी असते. रंगमंचावर बँकेतले कारकून, शाळामास्तर, विजेच्या ऑफिसातले वायरमन काम करतात. दिवसा खुर्चीवर बसलेला माणूस रात्री उभा राहून काय बोलतो, हे पाहण्यासारखे असते.

नांदेड म्हटले की दत्ता भगत यांचे नाव घ्यावेच लागते. नांदेडात प्राध्यापकी केलेल्या या नाटककाराचे 'वाटा-पळवाटा' १९८७ साली आले. एक म्हातारे काका, एक शिकलेला प्राध्यापक आणि एक तापलेला तरुण अशा तीन पिढ्या त्यात आहेत. तिघेही बाबासाहेबांचेच. पण तिघांची वाट वेगळी. नाटक पाहून आलेला माणूस घरी गेल्यावर आपल्या बापाकडे आणि आपल्या पोराकडे वेगळ्या नजरेने पाहतो. आपल्या कित्येक घरांत हे तिघे एकाच ताटात जेवतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातली लोहा तालुक्यातली माळेगावची यात्रा. खंडोबाची ही यात्रा घोडे, गाढवे, उंट यांच्या बाजारासाठी जशी प्रसिद्ध तशी तमाशाच्या फडांसाठी आणि लावणी महोत्सवासाठीही. हिंगोलीहून कित्येक माणसे मुक्कामाने जातात. पुरुषच जास्त.

इथे थोडे थांबू. हिंदी सिनेमातला कॅबरे आपण सर्वांनी पाहिला आहे. हॉटेल, रंगीत दिवे, पिसांचा पोशाख घातलेली नर्तकी आणि टेबलावर पेले. आपल्या खेड्यात कॅबरे कधी आला नाही. आपल्याकडे त्या जागी लावणी होती, आणि आता डीजेवरच्या 'लावणी शो'चे फलक लागतात. पण लावणी आणि हे शो एक नव्हेत. संगीत बारीत बाई बसून अदा करते, पेटी-तबला-ढोलकीच्या साथीने स्वतः गाते. ढोलकीफडाच्या तमाशात गण असतो, गवळण असते, बतावणी असते आणि शेवटी रात्रभर चालणारा वग असतो. डीजेच्या शोमध्ये गाणे रेकॉर्डचे, वाद्य नाही, वग नाही. उरते ते फक्त नाचणारीचे शरीर आणि समोर मोबाईल धरून उभी असलेली पोरे.

तमाशाशी आपले नाते गुंतागुंतीचे आहे. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांची जोडी महाराष्ट्रभर गाजली. पवळा आपल्याच समाजातली, संगमनेरकडची. बापूरावांनी महाडच्या सत्याग्रहासाठी तमाशाचे पैसे देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, ही गोष्ट आपल्या जुन्या माणसांच्या तोंडी आहे. आपल्या बाईला नाचवून मिळालेला पैसा चळवळीला नको, असा तिचा अर्थ. पण या गोष्टीतून काही लोक चुकीचा धडा घेतात. बाबासाहेबांनी नकार दिला तो बाईला नाचवून होणाऱ्या कमाईला. पवळेला नव्हे.

विठाबाई नारायणगावकर आठवा. गावोगावच्या तंबूंत आयुष्य गेले, मोठमोठे सन्मान मिळाले आणि २००२ साली त्या गेल्या तेव्हा त्यांच्या हलाखीच्याच बातम्या जास्त छापून आल्या. आज राज्य शासन तमाशा क्षेत्रातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावाने देते. किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर' लिहून त्या कनातीमागचे घर आपल्याला दाखवले. नाचणारीच्या पोराला बापाचे नाव विचारणाऱ्या शाळेत तो शिकला आणि डॉक्टर झाला. म्हणून माळेगावला जाणाऱ्या आपल्या तरुणांना माझे एवढेच सांगणे. जा, लावणी पाहा, ती मोठी कला आहे. पण शिट्टी घालण्याआधी कनातीमागे दप्तर घेऊन बसलेले पोर आठवा. आणि एकदा घरच्या बाईला सोबत घेऊन जा. जिथे तिला नेता येत नाही, तिथे आपण का जातो, याचा विचार करा.

एप्रिलच्या रात्री

आता आपला हंगाम. १४ एप्रिल.

आंबेडकरी जलसा हा तमाशाच्याच पोटातून आला. ढोलकी तीच, डफ तोच. पण गणाच्या जागी भीमवंदना आली, गवळणीची छेडछाड गेली आणि वगाच्या जागी शाळेत न जाणाऱ्या पोराची, सावकाराच्या वहीची, पाणवठ्यावरच्या भांडणाची गोष्ट आली. १९३०च्या दशकात नाशिककडे भीमराव कर्डकांच्या जलशाने गावेच्या गावे जागी केली. पुढे वामनदादा कर्डक मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत फिरले. झोपडीत मुक्काम, चुलीजवळ जेवण आणि तिथेच नवे गाणे. १९९४च्या १४ जानेवारीला विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्याआधीची सोळा वर्षे आपण जी सहन केली त्यात पोलिसांच्या काठीसमोर आपल्या हातात काय होते? एक डफ आणि गाणे पाठ असलेल्या बायका.

नाटकही आपल्याकडे नवे नाही. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातील म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक १९५५ साली बाबासाहेबांसमोर झाले. पुढे त्याच भूमीतून दलित रंगभूमी उभी राहिली. आणि २०१२ साली जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थच्या राजकुमार तांगडे यांनी लिहिलेले 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला' नंदू माधव यांच्या दिग्दर्शनाखाली महाराष्ट्रभर गाजले. त्यातले बरेच नट शेतात राबणारे. मराठवाड्याच्या मातीतले बोलणे मुंबईच्या नाट्यगृहात हाउसफुल्ल चालले.

मग आपल्या वस्तीत काय चालते?

चार वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. मी हिशोब लिहिणारा माणूस असल्याने आमच्या वस्तीच्या जयंती मंडळाचे पावतीपुस्तक माझ्याकडे. त्या वर्षी वर्गणी जमली ४२ हजार. मजुरांची, हमालांची, धुणीभांडी करणाऱ्या बायकांची वर्गणी. पन्नास, शंभर, कुठे दोनशे. बैठकीत डीजेवाल्याने भाव सांगितला ३५ हजार. पोरे म्हणाली, "काका, शेजारच्या वस्तीत त्याच्यापेक्षा मोठा आहे. आपली इज्जत जाईल." मी म्हणालो, एक वर्ष नाटक करून पाहू. पोरे हसली. "नाटक कोण पाहतं आता?"

तेव्हा मागे बसलेली एक हमालाची बायको उभी राहिली. ती बैठकीत कधी बोलत नसे. म्हणाली, "भाऊ, माझ्या शंभर रुपयांत मला काय भेटते ते सांगा. डीजे आला की माझं लेकरू दचकून रडते अन् मी दार लावून घरात बसते. जयंती माझी नाही का?"

बैठकीत कोणी बोलेना. शेवटी ठरले, मिरवणुकीला बँड आणि रात्री नाटक.

नाटक करायचे म्हणजे काय काय लागते, ते करणाऱ्यालाच कळते. लेखकाची परवानगी लागते. आपल्या राज्यात संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. पोलिसांकडे ध्वनिक्षेपकाचा अर्ज द्यावा लागतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातल्या ठरावीक दिवशीच, जास्तीत जास्त पंधरा, बारापर्यंत सवलत देता येते. जुना जलसा पहाटेपर्यंत चालायचा, तो काळ गेला. म्हणून आम्ही लहान नाटक निवडले आणि सातलाच सुरू करायचे ठरवले. कागदपत्रांचे काम माझे नेहमीचे होते, ते झाले. न जमणारी गोष्ट वेगळीच निघाली. नाटकात एक मुलगी हवी होती.

दहावीतली एक मुलगी तयार झाली. आवाज खणखणीत. पण तिची आजी अडून बसली. "आमच्या घरातली पोरगी स्टेजावर उभी राहणार नाही. एवढ्या कष्टानं त्या नाचगाण्यातून बाहेर आलो आपण." आजीचे बोलणे चुकीचे म्हणायची माझी हिंमत झाली नाही. तिने जे पाहिले ते मी पाहिले नव्हते. तीन संध्याकाळी आम्ही तिच्या ओट्यावर जाऊन बसलो. चौथ्या दिवशी ती स्वतःच तालमीला आली. भिंतीला टेकून सगळी तालीम पाहिली. नात वकील झालेल्या बाईचे काम करत होती. काळा कोट अंगापेक्षा मोठा होता. आजी घरी गेली आणि सुई-दोरा घेऊन परत आली. "कोट तर नीट घाल बाई," म्हणाली आणि बाह्या दुमडून टाके घालू लागली.

प्रयोगाच्या रात्री दोनदा लाईट गेली. दुसऱ्यांदा गेली तेव्हा नेमके त्या मुलीचे कोर्टातले भाषण चालू होते. माईक बंद. मला वाटले, संपले सगळे. पण पोरगी थांबली नाही. तिने आवाज वाढवला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी मोबाईलचे दिवे लावून वर धरले. मागच्या बाजूला उभी असलेली डीजेवाली पोरे हळूहळू पुढे येऊन खाली बसली. दहाला पाच मिनिटे कमी असताना नाटक संपले. हिशोब केला तेव्हा मंडप, बँड, दिवे, कोट, चहा सगळे धरून १९ हजार खर्च झाला होता. उरलेल्या पैशांतून अभ्यासिकेला दोन टेबले, सहा खुर्च्या आणि पुस्तके आली. पावत्या भिंतीवर चिकटवल्या.

पुढच्या वर्षी काय झाले, तेही सांगितले पाहिजे. पुढच्या वर्षी डीजे आला. पोरांचे मत जास्त पडले. पण नाटकही झाले, जयंतीच्या आदल्या संध्याकाळी, आणि आता दरवर्षी होते. सगळे एकदम बदलत नाही. त्या मुलीचे आता कॉलेज चालू आहे आणि वस्तीतल्या दोन लहान पोरी "मी पण कोट घालणार" म्हणून माझ्या मागे लागल्या आहेत.

जाताना एवढे करा

येत्या वर्षासाठी थोडक्यात सांगतो. दसऱ्याला मैदान पाहायचे असेल तर दिवसा प्रदर्शनी पाहावी, लहान मुलांच्या खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी ठेवावी आणि परतीच्या एस.टी.ची चौकशी आधीच करावी. नागपूरला जाणाऱ्यांनी एक दिवस आधी निघावे. दिवाळीनंतर परभणी-नांदेडच्या नाट्य स्पर्धेचे वेळापत्रक वर्तमानपत्रात येते, ते कापून ठेवावे आणि निदान एक नाटक सहकुटुंब पाहावे. माळेगावला गेलात तर लावणी मानाने पाहा आणि कलावंताला मानाने बोला. एप्रिलमध्ये आपल्या मंडळाच्या बैठकीला घरातली बाई न्या आणि तिला बोलू द्या. वर्गणी तीही देते.

हिंगोलीत संध्याकाळी करायचे काय, असे आता मला कोणी विचारले तर मी त्याला तालमीला घेऊन जातो. वस्तीच्या विहारात, एका पिवळ्या बल्बखाली, आठ-दहा पोरे-पोरी पाठांतर करत असतात. दाराशी आजी बसलेली असते. कोणाची ओळ चुकली की आतल्यांच्या आधी तीच ओरडते, कारण एव्हाना सगळे नाटक तिला पाठ झालेले आहे.